तापलेल्या धातूचं आयुष्य मोजणारे अँड्रेड

अकोल्याहून भुसावळच्या दिशेनं गाडी निघाली की थोड्याच वेळात पारस स्टेशन येतं आणि तिथल्या वीज केंद्राची उंच चिमणी लांबूनच दिसू लागते. बाळापूर तालुक्यातल्या या केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेनं टर्बाइन फिरवायचं, एवढीच मूळ कल्पना. पण या आकाराच्या संचांमध्ये वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली असते आणि तिचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट असतो. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या वीज केंद्रातही अशीच तापलेली वाफ पोलादी नळ्यांमधून वाहते.

अशी नळी बसवताना अभियंत्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. ती एवढा दाब सोसेल का, हा पहिला. याचं उत्तर चाचणी घेऊन एका दिवसात मिळतं. दुसरा प्रश्न अवघड आहे. आज सोसते आहे, पण अशीच तापत राहिली तर किती वर्षं सोसेल? थंड पोलादाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तापलेल्या पोलादाच्या बाबतीत तो विचारला नाही, तर नळी फुटते आणि माणसं जातात.

या दुसऱ्या प्रश्नाला मोजमापाची भाषा देणाऱ्यांमध्ये एक नाव अगदी सुरुवातीला येतं: एडवर्ड नेव्हिल दा कोस्टा अँड्रेड. आज लोखंडाची भुकटी लेझरनं वितळवून यंत्राचे भाग 'छापले' जातात, तेव्हाही त्यांच्याबद्दल हाच प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाची सुरुवात झाली ती लंडनमधल्या एका विद्यार्थ्यानं टांगलेल्या शिशाच्या तारेपासून.

लंडनमधलं बालपण आणि एक वेगळे गुरुजी

अँड्रेड यांचा जन्म २७ डिसेंबर १८८७ रोजी लंडनमध्ये झाला. घराणं ज्यू. त्यांचे पूर्वज पोर्तुगालकडचे, म्हणून नावात ते 'दा कोस्टा'. शालेय शिक्षण सेंट डन्स्टन्स कॉलेज या शाळेत झालं आणि त्यानंतर ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये भौतिकशास्त्र शिकायला गेले. विसाव्या वर्षाच्या आसपास पहिल्या वर्गात पदवी मिळाली.

तिथं त्यांना फ्रेडरिक ट्राउटन हे प्राध्यापक भेटले. ट्राउटन यांना घन आणि द्रव यांच्या सीमेवरच्या पदार्थांचं कुतूहल होतं. डांबराचा गोळा हातोडीनं फोडला तर त्याचे तुकडे होतात, पण तोच गोळा महिनाभर तसाच ठेवला तर पसरून सपाट होतो. मग तो घन म्हणायचा की द्रव? ट्राउटन यांनी अशा पदार्थांचं वाहणं मोजलं होतं. अलेक्झांडर रँकिन यांच्यासोबत त्यांनी शिशाच्या तारेलाही वजन लावून ती कशी ताणली जाते हे पाहिलं होतं. तरुण अँड्रेड यांनी हाच धागा पुढे नेला.

आता शिसंच का? त्याचं कारण समजून घेतलं की पुढची सगळी गोष्ट सोपी होते.

अकोल्याचा मे महिना आणि शिशाची तार

कोणता धातू 'गरम' आहे हे थर्मामीटर एकट्यानं सांगू शकत नाही. तो धातू आपल्या वितळण्याच्या तापमानापासून किती दूर आहे, हे पाहावं लागतं. ही तुलना करताना शास्त्रज्ञ केल्विन हे माप वापरतात. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की केल्विनचा आकडा मिळतो.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे ३१८ केल्विन झाले. लोखंड वितळतं सुमारे १८११ केल्विनला. म्हणजे भर उन्हात तळपणारा लोखंडी रूळ आपल्याला चटका देत असला, तरी तो वितळण्याच्या वाटेवर जेमतेम १८ टक्के पोचलेला असतो. लोखंडाच्या दृष्टीनं हा हिवाळाच. शिसं मात्र ६०० केल्विनला वितळतं. त्याच उन्हातलं शिसं त्या वाटेवर ५३ टक्के गेलेलं असतं. लंडनच्या थंड खोलीतही ते जवळपास निम्म्या वाटेवर असतं.

साधारण ४० टक्क्यांच्या पुढे धातूचा स्वभाव बदलायला लागतो. आतले अणू आपली जागा सोडून सरकू लागतात. भार तोच असला तरी धातू हळूहळू, न थांबता लांबत जातो. या प्रकाराला क्रीप म्हणतात, म्हणजे रांगत रांगत पुढे सरकणं. ब्रिटनमधल्या जुन्या चर्चच्या छपरांवर घातलेले शिशाचे पत्रे शेकडो वर्षांत आपल्याच वजनानं खाली ओघळलेले दिसतात, ते यामुळेच.

इथं एक गल्लत टाळायला हवी. उन्हाळ्यात विजेच्या तारा झोळ खातात आणि हिवाळ्यात पुन्हा ताणल्या जातात. हे उष्णतेनं होणारं प्रसरण झालं. थंडी पडली की ते परत फिरतं. क्रीपनं आलेली लांबी परत जात नाही. ॲल्युमिनिअमच्या तारांमध्ये वर्षानुवर्षांच्या ताणानं थोडी कायमची लांबीही भरत जाते. ती क्रीपची असते आणि लाइन टाकतानाच तिचा हिशेब धरावा लागतो.

तर ५४० अंशांच्या वाफेत पोलादाचं जे होतं, तेच साध्या खोलीत शिशाचं होतं. पोलाद तापवायला भट्टी लागते आणि ते तापमान कित्येक दिवस एकसारखं राखावं लागतं. शिशाला नुसती खोली आणि एक खिळा पुरतो.

विहिरीतला पोहरा आणि अँड्रेड यांची युक्ती

प्रयोग वरवर पाहता सोपा वाटतो. तार टांगा, खाली वजन लावा, लांबी मोजत राहा. पण यात एक खोट होती. तार लांबते तशी ती बारीक होते. वजन तेच, पण ते पेलायला धातू कमी. म्हणजे तारेतला ताण आपोआप वाढत जातो. तार दुप्पट लांब झाली तर ताणही दुप्पट होतो. मग शेवटी तार वेगानं लांबायला लागली, तर तो धातूचा गुण म्हणायचा की बारीक झाल्याचा परिणाम? या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जात होत्या.

अँड्रेड यांनी यावर जो उपाय काढला तो विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या कुणालाही लगेच समजेल. पोहरा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की जड होतो. अँड्रेड यांनी तारेला लावलेलं वजन पाण्यात सोडलं. तार लांबली की वजन आणखी बुडतं, पाणी त्याला जास्त उचलून धरतं आणि तारेवरचा भार कमी होतो. तार जितकी बारीक होईल नेमका तितकाच भार कमी व्हायला हवा होता. त्यासाठी त्यांनी वजनाचा घेर वरपासून खालपर्यंत बदलत नेला. भूमितीत अपास्त नावाचा एक वक्र असतो, त्यावर तो आकार बेतला होता. आता तार कितीही लांबली तरी तिच्यातला ताण तेवढाच राहू लागला.

१९१० मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे काम छापून आलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. धातूच्या लांबण्याचे तीन भाग त्यांनी वेगळे करून दाखवले. वजन लावताक्षणी येणारी लांबी हा पहिला. नंतर वेगानं सुरू होऊन हळूहळू मंदावणारं लांबणं हा दुसरा. आणि शेवटी एकसारख्या गतीनं चालू राहणारं वाहणं हा तिसरा. शेवटी दिसणाऱ्या वेगामागे तार बारीक होण्याचा बराच वाटा असतो, हेही यातून स्पष्ट झालं.

दुसऱ्या भागाचा त्यांना सापडलेला नियम आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. हे लांबणं वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. समजा, पहिल्या तासात तार १ मिलिमीटर लांबली. तर २ मिलिमीटर व्हायला ८ तास लागतील, ३ मिलिमीटर व्हायला २७ तास आणि १० मिलिमीटर व्हायला १,००० तास. पाहणाऱ्याला वाटेल की आता थांबलंच. पण घनमूळ कधी थांबत नाही, आणि त्याच्याखाली ते एकसारखं वाहणंही चालूच असतं.

१९१४ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या धातूंना त्यांच्या त्यांच्या योग्य तापमानाला तपासलं, तर सगळ्यांच्या लांबण्याची चाल सारखीच दिसते, असं त्यात आढळलं. म्हणजे हा शिशाचा विक्षिप्तपणा नव्हता. प्रत्येक धातूच्या अंगात तो दडलेला होता. त्याला फक्त पुरेसं तापमान आणि पुरेसा वेळ हवा होता.

हायडेलबर्ग, मँचेस्टर आणि तोफखाना

मधल्या काळात अँड्रेड शिष्यवृत्तीवर जर्मनीत हायडेलबर्गला गेले आणि फिलिप लेनार्ड यांच्याकडे १९११ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय अगदी वेगळा होता, ज्वालांचे विद्युत गुणधर्म. लेनार्ड हे नोबेल विजेते आणि कुशल प्रयोगकर्ते होते. पुढे तेच हिटलरचे कट्टर समर्थक आणि ज्यू शास्त्रज्ञांचे शत्रू झाले. ज्यू घराण्यातल्या एका इंग्रज तरुणानं त्यांच्या हाताखाली पदवी घ्यावी, हा इतिहासातला एक विचित्र योग म्हणायचा.

१९१३ मध्ये ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस मिळेनासा झाला, तेव्हा ज्या परिसरातल्या गिरण्यांसाठी वऱ्हाडातून कापसाच्या गाठी गेल्या, तेच हे शहर. रदरफोर्ड यांनी अणूच्या केंद्रकाची कल्पना मांडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. रदरफोर्ड आणि अँड्रेड यांनी मिळून गॅमा किरणं स्फटिकावर पाडली आणि त्यांची तरंगलांबी मोजली. गॅमा किरणंही प्रकाशाच्याच जातीची आहेत, याचा हा भक्कम पुरावा होता.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. अँड्रेड तोफखान्यात अधिकारी म्हणून गेले. युद्धानंतर १९२० मध्ये वुलिच इथल्या लष्करी तोफखाना महाविद्यालयात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. अणूच्या रचनेवरचं त्यांचं पुस्तक १९२३ मध्ये आलं आणि ते चांगलंच गाजलं. अवघड विषय सोपा करून सांगण्याची हातोटी त्यांना होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमातून त्यांचा आवाज ब्रिटनच्या घराघरांत पोचला. ते कविताही लिहीत.

दरम्यान, त्यांचा शिशाच्या तारेचा प्रयोग कारखान्यांच्या गरजेचा झाला होता. वाफ जितकी जास्त तापेल तितकी कोळशातून जास्त वीज निघते, म्हणून वीज केंद्रांमध्ये वाफेचं तापमान वाढत चाललं होतं. थंड असताना भक्कम ठरलेली पोलादं तापल्यावर काही महिन्यांत ताणली जात होती. १९२०च्या दशकात पोलाद तापवून, वजन लावून महिनोन्‌महिने ठेवण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. क्रीप हा शब्द अभियंत्यांच्या रोजच्या बोलण्यात आला.

एकाच स्फटिकाची तार

१९२८ मध्ये अँड्रेड आपल्या जुन्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाचे मुख्य प्राध्यापक म्हणून परतले. तिथं ते १९५० पर्यंत होते. १९३५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. या काळात त्यांनी धातूच्या आत डोकावायचं ठरवलं.

आपल्याला अखंड दिसणारा धातू प्रत्यक्षात असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणू शिस्तीनं रांगेत बसलेले असतात, पण शेजारच्या कणातल्या रांगांची दिशा वेगळी असते. दोन कणांच्या मधली सीमा म्हणजे विस्कटलेल्या अणूंची पट्टी. थंड धातूत या सीमा भिंतीसारख्या काम करतात आणि सरकणाऱ्या अणूंना अडवतात. म्हणून कण जितके बारीक, तितका धातू मजबूत. तापल्यावर मात्र उलटं होतं. त्याच सीमांवरून अणू सहज वाट काढतात, कण एकमेकांवरून घसरतात आणि तडेही तिथंच पडतात. थंडीतली भिंत उन्हाळ्यात चोरवाट होते.

हे कोडं सोडवायचं तर सीमाच नसलेला धातू हवा. अँड्रेड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पारा, सोडियम, पोटॅशियम, कॅडमियम अशा धातूंच्या एकाच स्फटिकाच्या तारा तयार केल्या आणि त्या ताणल्यावर अणूंचे थर कोणत्या पातळीवरून घसरतात ते पाहिलं. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते ब्रूस चामर्स. या दोघांनी मिळून तरफेचा खास आकार बेतून ताण स्थिर ठेवण्याची आणखी सोयीची रीत काढली. पाण्यातल्या वजनाची जागा तरफेनं घेतली. चामर्स यांची गोष्ट इथं संपत नाही, थ्रीडी प्रिंटिंगपाशी ते पुन्हा भेटतील.

युद्ध, जेट इंजिन आणि एक भांडण

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, त्यात युनिव्हर्सिटी कॉलेजच्या इमारतींचं मोठं नुकसान झालं. अँड्रेड या काळात सरकारला वैज्ञानिक सल्ला देण्याच्या कामात होते. त्याच वर्षांत त्यांचा विषय आकाशात उडू लागला. १५ मे १९४१ रोजी फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनावर चालणारं ब्रिटनचं पहिलं विमान उडालं. जेट इंजिनात तापलेल्या वायूच्या झोतात टर्बाइनची पाती प्रचंड वेगानं फिरतात. फिरण्याच्या जोरानं प्रत्येक पातं बाहेरच्या बाजूला खेचलं जातं. पातं क्रीपनं थोडं जरी लांबलं तरी ते बाहेरच्या कवचाला घासतं. म्हणजे प्रत्येक पातं ही टांगलेली तारच होती, फक्त तापमान शेकडो अंश जास्त. यासाठी निकेलचे नवे मिश्रधातू तयार झाले आणि त्यांची निवडच मुळी क्रीपच्या चाचणीवर झाली. काही दशकांनी तर पूर्ण पातं एकाच स्फटिकाचं ओतलं जाऊ लागलं. प्रयोगशाळेतलं कुतूहल असलेला एक-स्फटिक धातू प्रवासी विमानाच्या इंजिनात जाऊन बसला.

१९५० मध्ये अँड्रेड रॉयल इन्स्टिट्यूशनचे संचालक झाले. डेव्ही आणि फॅरडे यांची ही संस्था. मानाचं पद होतं, पण ते फार काळ टिकलं नाही. कारभार कुणी आणि कसा चालवायचा यावरून वाद झाले. सदस्यांमध्ये तट पडले आणि १९५२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. स्वभावानं ते तिखट होते, मतं ठाम होती. संस्थेत सुधारणा हव्यात असं त्यांना वाटत होतं, पण जुन्या संस्थेला त्या त्यांच्या पद्धतीनं नको होत्या.

त्यानंतर ते इंपीरियल कॉलेजात संशोधन करत राहिले आणि विज्ञानाच्या इतिहासातही रमले. न्यूटन यांच्यावर त्यांनी लिहिलं. रॉबर्ट हूक यांच्यावर तर त्यांचा विशेष जीव होता. सतराव्या शतकातले हूक न्यूटन यांच्या सावलीत झाकले गेले होते. १९४९ मध्ये रॉयल सोसायटीत हूक यांच्यावर व्याख्यान देऊन अँड्रेड यांनी त्यांची बाजू नव्यानं मांडली. दोघांना जोडणारी एक गंमत यात आहे. शाळेत शिकवला जाणारा हूकचा नियम सांगतो की जितका भार, तितकं ताणणं. त्या नियमात घड्याळ नाही. अडीचशे वर्षांनी अँड्रेड यांनी ताणण्याच्या हिशेबात ते घड्याळ आणलं.

१९५८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं ह्यूज पदक मिळालं. ६ जून १९७१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आता धातू छापला जातो

अँड्रेड गेल्यानंतर काही दशकांनी धातूचा भाग बनवायची एक नवी रीत आली. निकेल, टायटॅनिअम किंवा पोलादाची बारीक भुकटी पसरायची. तो थर सहसा ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर जाडीचा, साधारण केसाच्या जाडीइतका किंवा त्याहून पातळ. संगणक सांगेल तिथं लेझर फिरवून ती वितळवायची. मग वर दुसरा थर. असे हजारो थर रचून भाग उभा राहतो. यालाच धातूचं थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात.

याचे फायदे डोळ्यांत भरणारे आहेत. मे २०२४ मध्ये इस्रोनं पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. आधी १४ सुटे भाग जोडून जे बनत होतं ते एकसंध झालं आणि १९ ठिकाणचं वेल्डिंग वाचलं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अग्निकुल या कंपनीचं रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं. त्याचं इंजिन एकाच तुकड्यात छापलेलं होतं.

पण अँड्रेड असते तर त्यांनी ६६५ या आकड्यापाशी बोट ठेवलं असतं. रॉकेटचं इंजिन काही मिनिटं जळतं. तेवढ्या वेळात क्रीपला फारसा वाव नसतो. तोच धातू वीज केंद्राच्या किंवा विमानाच्या टर्बाइनमध्ये लावायचा तर हिशेब हजारो तासांचा होतो.

इथं चामर्स पुन्हा भेटतात. अँड्रेड यांचे हे विद्यार्थी पुढे कॅनडात आणि मग अमेरिकेत हार्वर्डला गेले. वितळलेला धातू गोठताना त्याच्या आत नेमकं काय घडतं, या प्रश्नाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. गोठण्याची सीमा सपाट न राहता तिच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे का उमटतात आणि मिश्रधातूतली काही मूलद्रव्यं त्या कप्प्यांच्या कडांना का साचतात, याचं स्पष्टीकरण त्यांच्या गटानं १९५०च्या दशकात दिलं. धातू छापणं म्हणजे अशी लाखो इवलीशी ओतकामं एकावर एक रचणं. लेझर पुढे सरकला की मागचा थेंब डोळ्याचं पातं लवायच्या आत गोठतो. थंड होण्याचा वेग सेकंदाला लाखभर अंश किंवा त्याहूनही जास्त असू शकतो.

या घाईमुळे आतली रचना वेगळीच होते. कप्पे अतिशय बारीक असतात, म्हणून थंड असताना छापलेला धातू बऱ्याचदा ओतलेल्या धातूपेक्षा मजबूत ठरतो. स्फटिककण मात्र एका थरातून वरच्या थरात वाढत जातात आणि शेतात उभ्या ज्वारीच्या ताटांसारखे लांबट होतात. ताटांच्या दिशेनं ओढलं तर ओढीला आडव्या येणाऱ्या सीमा कमी असतात, म्हणून धातू जास्त टिकतो. आडवं ओढलं तर प्रत्येक सीमा वाटेत येते आणि तापलेला धातू तिथंच उसवायला लागतो. म्हणजे एकाच भागाची उभी ताकद वेगळी आणि आडवी वेगळी. छापताना भाग यंत्रात उभा ठेवला होता की आडवा, यावरही त्याचं आयुष्य ठरतं.

शिवाय भुकटी पुरती वितळली नाही तर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. थंडीत त्या गप्प बसतात. तापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं ताण सोसताना तिथून तडे सुरू होऊ शकतात.

यावर उपाय आहेत. छापलेला भाग पुन्हा तापवून साचलेली मूलद्रव्यं विरघळवली जातात आणि आतली रचना हवी तशी घडवली जाते. बंद भांड्यात आर्गॉन वायूच्या प्रचंड दाबाखाली तापवून पोकळ्या मिटवल्या जातात. या सगळ्यानं फरक पडतो, पण किती पडला हे शेवटी टांगून, तापवून आणि वाट पाहूनच कळतं.

वाट पाहण्याला पर्याय नाही

वाट पाहणं महाग असतं. १,००० तास म्हणजे सुमारे ४२ दिवस. १०,००० तास म्हणजे जवळपास चौदा महिने. आणि १ लाख तास म्हणजे ११ वर्षांहून जास्त. एवढं कोण थांबणार? म्हणून १९५२ मध्ये अमेरिकेतल्या लार्सन आणि मिलर यांनी एक गणिती वाट दाखवली. तापमान वाढवून कमी वेळात चाचणी घ्यायची आणि तिच्यावरून कमी तापमानाच्या दीर्घ आयुष्याचा अंदाज बांधायचा. पोलादासाठी ही रीत कित्येक दशकं वापरली गेली आहे.

छापलेल्या धातूच्या बाबतीत मात्र ती जपून वापरावी लागते. घाईत गोठलेली रचना पूर्ण स्थिर झालेली नसते. चाचणीसाठी तापमान वाढवलं की ती रचनाच बदलू शकते. मग आपण एका धातूची चाचणी घेतो आणि यंत्रात लावतो दुसराच. जुन्या पोलादांमागे अनेक दशकांच्या नोंदी आहेत, छापलेल्या मिश्रधातूंच्या नोंदी अजून तरुण आहेत. नवा भाग छापायला काही तास पुरतात, त्याच्यावर विश्वास बसायला वर्षं लागतात.

भारतातल्या बॉयलर नियमांत हाच विचार आकड्यात उतरला आहे. क्रीप होईल इतक्या तापमानाला चालणाऱ्या बॉयलरचे १ लाख तास भरले, की त्याचे भाग तपासून उरलेलं आयुष्य किती ते ठरवावं लागतं. नळ्यांचा व्यास मोजतात, कारण क्रीपनं नळी फुगते. जाड नळ्यांचा पृष्ठभाग घासून चकचकीत करतात आणि त्यावर पातळ पापुद्रा लावून स्फटिककणांचा ठसा घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या दिसू लागल्या आहेत का ते पाहतात. या पोकळ्या म्हणजे पुढे येणाऱ्या तड्याची आगाऊ सूचना. त्या दिसल्या की नळी बदलायची वेळ जवळ आली हे कळतं, आणि हे काम केंद्र बंद असताना, कुणालाही इजा न होता करता येतं.

पाण्यात बुडणाऱ्या वजनानं अँड्रेड यांनी जे मोजलं, तेच ही तपासणी आजही मोजते: धातू किती सरकला, आणि किती वेळात.